बसक्या आईचा आस

देव घडवणं हे माझं काम होतं, मानणं नव्हतं. आंबेहोळच्या चावडीत बसून मी हे उभा जन्म सांगत आलो आणि लोक उभा जन्म हसत आले. सुबराव सुताराला देवाचं वावडं, पण देवाचं त्याच्यावाचून पान हलत नाही, असं मष्णू गुरव म्हणायचा. खोटं नव्हतं ते. मुखवटा म्हणा, पालखीचा दांडा म्हणा, रथाचं चाक म्हणा, खानापूरच्या अंगाला असलेल्या आमच्या पाचसहा गावांत सगळं माझ्याच हातचं. पांगाऱ्याचा ओंडका ज्यानं स्वतः तोडलाय, त्यातली अळी ज्यानं स्वतः वेचून टाकलीय, त्याला त्याच ओंडक्याला शेंदूर लागल्यावर हात जोडणं जड जातं. मी जोडायचो, नाही असं नाही. चार लोकांत जोडायचो.

माझी बायको मालुबाई या बाबतीत चार बायकांसारखीच होती. सणाला नैवेद्य, अमावास्येला नारळ, बस्स. अंगात येणं, घुमणं असलं तिनं कधी केलं नव्हतं. उलट कुणाच्या अंगात आलं की ती मला कोपरानं ढोसून म्हणायची, "बघा, हिला आता सासूला शिव्या द्यायच्या असत्याल." हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी हेच विसरलो.

अठरा सालच्या मानमोडीच्या तापात माणसं गेली त्याच्या दोन वर्षं आधी, वैशाखात, आमच्या गावात पटकी शिरली. विहिरी तळाला गेल्या होत्या, पाणी गढूळ येत होतं. सकाळी जुलाब आणि ओकारी सुरू झाली की संध्याकाळी माणूस उचलायचा. पंधरा दिवसांत नऊ गेले. मग पाटलानं चावडीवर गाव बोलावलं आणि मरगाईचा गाडा काढायचं ठरलं.

गाडा म्हणजे काय ते आजकालच्या पोरांना ठाऊक नाही. पटकी ही मरगाईची फेरी. आई आली की तिला हाकलायची नाही, मानानं पोचवायची. त्यासाठी सुतारानं एका दिवसात, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, लहान गाडा उभा करायचा, त्यावर देवीचा मुखवटा बसवायचा. गुरवानं मुखवट्याचे डोळे रंगवले की देवी जिवंत झाली. मग घरटी आंबील, लिंबू, बांगड्या, आजाऱ्याच्या अंगाखालची वाकळ, जुनी केरसुणी, सूप, सगळं गाड्यावर लादायचं आणि मंगळवारी वाजतगाजत शिवेपर्यंत ओढत न्यायचा. शिवेवर शेजारच्या गावानं नारळ फोडून गाडा ताब्यात घ्यायचा आणि आपल्या पुढच्या शिवेला न्यायचा. नाही म्हणायची सोय नाही, पूर्वापार करार आहे. आमच्या उगवतीला शिरगट्टी. शिरगट्टीच्या पलीकडं नदी. तिथं गाडा बुडवला की आई मार्गस्थ झाली.

शिरगट्टीत माझी लेक होती.

गुणी आमची एकुलती एक. आदल्या वर्षी तिला शिरगट्टीत दिली होती. घर चांगलं, माणसं चांगली, पण घर गावाच्या अलीकडच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर. शिवेवरचा ओढा तिच्या परसातून वाहत जायचा आणि सगळं शिरगट्टी त्याचंच पाणी भरायचं. गुणीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिला आणायला निघणार, तेवढ्यात पटकी आली. मीच निरोप धाडला, पोरी, येऊ नको, तिथंच राहा. आणि आता तीच पटकी गाड्यात घालून तिच्या दारात नेऊन सोडायची होती. गाडा मी करायचा होता.

मी चावडीत उठून उभा राहिलो. "उगवतीला नको," म्हटलं. "उत्तरेला न्या. तिकडं नुस्तं रान हाय, कुणाला तरास न्हाई."

जोतिराम पाटील म्हणाला, "सुबराव, आई मावळतीकडनं येती आन उगवतीला जाती. माझ्या आज्यानं बी तशीच धाडलीती. रानात तिला नारळ कोण फोडणार रं? माकडं?"

लोक हसले. नऊ माणसं जाळून आलेले लोक, पण हसले. माणूस हसायचं सोडत नाही.

मष्णू गुरव म्हणाला, "लेक हाय तितं, म्हणून बोलतोय त्यो."

"व्हय, म्हणूनच बोलतोय. तू बोलला नसतास काय?"

"माझी भन शिरगट्टीतच दिलीया," मष्णू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी बोललो काय?"

मी खाली बसलो.

तुम्ही म्हणाल, देव मानत नव्हतास तर भ्यालास कशाला? मीही मला हेच विचारलं. पांगाऱ्याच्या ठोकळ्यात काही नसतं हे मला माहीत होतं. पण बायाबापड्यांच्या हातातली वाकळी-फडकी त्या ओढ्यात पडणार, ओढणारे गडी तिथंच हातपाय धुणार, आणि खालच्या अंगाला माझी पोर घागर बुडवणार, हे डोळ्यांपुढून हलेना. पाण्यातून पटकी पसरते हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. नुसती घाण वाटत होती. खरं सांगायचं तर घाणही वाटत होती आणि भीतीही. देवावर विश्वास नसला म्हणून देवाची भीती जातेच असं नाही. लेकीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

शिरगट्टीला आगाऊ निरोप धाडावा, तर ती माणसं शिवेवर काठ्या घेऊन उभी राहतील आणि डोकी फुटतील. काम करायला नकार द्यावा, तर पाटील दुसऱ्या गावचा सुतार आणील. सोमवारी उजाडताच मी तासायचा वाकस घेऊन कामाला लागलो.

दुपारी सगळा गाव देवळापाशी जमला होता. मुखवट्याला न्हाऊ घालायचं चाललं होतं, डोळे उघडायचे होते. मालू चुलीवर आंबील ढवळत होती. गाडा माझ्या अंगणात उलटा पडला होता. मी करवत घेतली आणि दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाला खालच्या बाजूनं चीर दिली. आस बाभळीचा, चार बोटं जाडीचा. तीन बोटं कापला, एक बोट ठेवला. चिरेत राळ आणि काजळी भरली, वरून तेल फिरवलं. हात लावून बघितलं तरी कळलं नसतं. वेशीपर्यंत वाट सपाट आहे, पुढं माळही बरा आहे, पण माळ संपला की ओढ्याकडं दगडांचा उतार लागतो. भार पुढं आला की तिथं आस टिकणार नाही, हे मला चुलीवरच्या भाकरीइतकं स्वच्छ दिसत होतं.

पुढचा बेत असा होता. गाडा आमच्याच हद्दीत मोडायचा. सुताराला हाक यायची. मी जायचं, मोडका आस उपसून काढायचा, घरी आणून चुलीत घालायचा आणि सांगायचं, बाभळीचं वाळलेलं लाकूड नाही, दुसरा आस व्हायला चार दिवस लागतील. तेवढ्यात मंगळवार टळला असता. पुढच्या मंगळवारपर्यंत गुणीच्या सासऱ्याला काहीतरी सांगून तिला त्यांच्या पाहुण्यांकडं उचगावला हलवता आलं असतं.

बेत चांगला होता. फक्त एक गोष्ट मी विसरलो. आमच्या गावचा आधीचा गाडा माझ्या बापानं केला होता, मी तेव्हा सात वर्षांचा. त्यामुळं रीत कानावरून गेली होती, डोक्यात बसली नव्हती. देवीचे डोळे एकदा उघडले की सुताराचा हात गाड्याला चालत नाही. ज्यानं तासलं, कापलं, त्याचा हात जिवंत देवीला नको.

मंगळवारी सकाळी गाडा निघाला. पुढं हलगी, मग गडी, मग गाडा, मागं बायका ओटीची ताटं घेऊन. मी गर्दीच्या कडेनं चाललो होतो. वेस गेली, माळ गेला. प्रत्येक दगडाला माझी नजर आसाकडं जात होती. ओढा चाळीस पावलांवर राहिला असेल, पलीकडं शिरगट्टीची माणसं नारळ घेऊन उभी दिसत होती, आणि जांभळाच्या झाडापाशी आस मोडला.

केवढा आवाज झाला म्हणून सांगू. गाडा डाव्या अंगाला बसला, वाकळी घसरल्या, मुखवटा वाकडा होऊन आमच्याच गावाकडं बघायला लागला. हलगी थांबली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"थांबा, मी बघतो," म्हणत मी घुसलो. मष्णूनं आपली काठी माझ्या छातीसमोर आडवी धरली.

"सुबराव, मागं हो. सुताराचा हात चालत न्हाई."

"अरं मग दुरुस्त कोण करणार? तुझा बा?"

"कुणी न्हाई करायचं. आधी बघू काय झालं त्ये."

आणि जोतिराम पाटील गुडघे टेकून आसाचं मोडकं टोक बघायला वाकला.

आता इथं लाकडाची एक गोष्ट सांगायला पाहिजे. मोडलेलं लाकूड कधी सरळ मोडत नाही. त्याला शिरा असतात, चिपा निघतात, तोंड दातेरी होतं. करवतीनं कापलेलं लाकूड सपाट असतं. माझ्या आसाचं एक बोटभर तोंड चिपा निघालेलं होतं आणि तीन बोटं पाटासारखं सपाट, काजळीनं काळं झालेलं. पाटील शेतकरी माणूस, घरात चार गाड्या. त्याला दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नसती. मला वाटलं, आता हे मला इथंच ठेचणार, आणि गाडा खांद्यावर उचलून पलीकडं देणार.

तेवढ्यात बायकांतून मालू पुढं आली. बाई माणूस कधी गाड्याच्या पुढं येत नाही. ती आली, पाटलाच्या खांद्यावरून वाकली, डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ थांबली, आणि ताटातलं सगळं तेल, सगळा शेंदूर त्या मोडक्या टोकावर ओतून दोन्ही तळव्यांनी थापायला लागली. पाटील दचकून मागं सरला. तिनं केस सोडले आणि अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या लोकांच्या हातातला नारळ पडला.

"बसली! आई हितं बसली! खबरदार हात लावशीला तर!"

ती घुमायला लागली. मष्णूनं हात जोडून विचारलं, "आई, काय चुकलं? का बसलीस?"

"मला म्होरं जायाचं न्हाई! हितंच ठेवा मला!"

पाटील दंडवत घालत आडवा पडला. त्याच्या मागं सगळा गाव. पलीकडच्या काठावर शिरगट्टीही आडवं पडलं, आणि त्यांना मनातून केवढं बरं वाटलं असेल ते मी समजू शकतो. उभा राहिलो होतो मी एकटाच. मष्णूनं माझ्याकडं बघितलं, तेव्हा मीही पडलो.

गाडा जिथं बसला तिथंच राहिला. आईनं जागा धरली की ती हलवायची नसते. वाकळी-फडकी तिथंच खड्डा करून जाळली, गाड्याभोवती दगड रचले, आणि तेव्हापासून तिचं नाव बसकी आई.

घरी आल्यावर मी मालूला म्हटलं, "तुझ्या अंगात कवापासनं याय लागलं गं?"

"आजपासनं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मला आनंद झाला होता, गुणी वाचली म्हणून. पण बायकोचा राग आला होता, का ते सांगता येत नाही. चांगली शहाणी बाई, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घुमण्याला हसणारी, आणि मोडका आस बघून घुमायला लागते! माझं कापणं तिनं देवीच्या नावावर केलं. मला वाटलं, चला, आपल्या घरातही एक येडी झाली.

आई आमच्याच हद्दीत बसल्यामुळं गाव घाबरलेलं होतं. आणि पटकी थांबली नाही. पुढच्या दहा दिवसांत सहा गेले. यल्लाप्पा गेला, ज्याच्या शेतातली बाभूळ मी आसाला आणली होती. शामू परीट गेला. पाटलाची भावजय चंपाबाई गेली. भरमूची बायको जयाबाई गेली, आणि तिच्या मागोमाग तिची नऊ दिवसांची पोर. सगळ्यांत शेवटी आमच्या शेजारची बायाक्का. गुणीला आम्ही शेतावर गेल्यावर हिनंच सांभाळलेलं, पहिला घास हिच्याच हातचा. मग बेळगावाहून सरकारी माणूस आला, त्यानं विहिरींत तांबडं औषध टाकलं, पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. मग थांबली. लोक म्हणाले, आईनं आधी परीक्षा बघितली आणि मग राखलं. मी म्हटलं, औषधानं राखलं. म्हटलं म्हणजे मनात.

शिरगट्टीत एकही गेला नाही. आषाढात गुणीला मुलगा झाला.

हिशेब माझ्या बाजूनं सरळ होता. गाडा पलीकडं गेला असता तरी ते सहा गेलेच असते, गाड्यानं पटकी जात नाही. हे मी स्वतःला शंभर वेळा समजावलं. पण मग रंधा मारताना मध्येच हात का थांबायचा? बायाक्काच्या बंद दारासमोरून जाताना मी पलीकडच्या कडेनं का जायचो? गाडा गेला असता आणि ते वाचले असते तर, हा प्रश्न ज्याला देव खोटा वाटतो त्याला पडायला नको. मला पडायचा. तीस वर्षं पडत होता. कुणाला विचारणार? मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मालूला तर नाहीच. तिला सांगितलं असतं तर तिची देवीच मोडली असती.

कारण मालूनं बसकी आई धरली ती सोडलीच नाही. दर मंगळवारी वाटीत तेल, पुडीत शेंदूर, आणि चालली माळावर. ऊन असो, चिखल असो. गाड्याचं लाकूड कुजलं, चाकं गेली, मुखवटा मी दोनदा नवा करून दिला, पण मोडका आस राहिला. बाभूळ ती, त्यात तेल मुरलेलं. लोकांनी तो दगडात उभा रोवला आणि त्याचीच पूजा व्हायला लागली. वर छप्पर आलं, वर्षाला जत्रा आली. शिरगट्टीकरही ओटी घेऊन येऊ लागले. मालू आसापुढं बसायची, शेंदूर थापायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि उठायची.

मी चिडवायचो. "काय म्हणती तुझी आई? गुडघ्याचं औषध सांगती काय?" किंवा, "एवढा शेंदूर माझ्या टकलाला लावला असतास तर मी बी पावलो असतो." ती हसायची. कधी एका शब्दानं उलट बोलली नाही. मी म्हणायचो, बिचारी भोळी आहे.

गेल्या वर्षी मालूचे गुडघे पूर्ण गेले. जत्रेच्या आधी दोन महिने तिला माळावर जाता आलं नाही. ती मला म्हणायची, "आज मंगळवार हाय, तेवढं जाऊन येता काय?" मी म्हणायचो, "मला कामं न्हाईत व्हय?" सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कसली कामं! पण गेलो नाही.

त्याच सुमाराला गुणीनं घाट घातला. तिच्या त्या पोराला, जो तेव्हा पोटात होता, त्यालाच मुलगा झाला, आणि तिनं नवस बोलल्याप्रमाणं बसक्या आईला तांब्याचा पत्रा चढवायचं ठरवलं. मोठ्या कौतुकानं सांगायला आली. "आप्पा, आईनं मला राखलं. तिच्या पदराखाली मला घेतलं. आता आईला उघडं ठेवायचं न्हाई." शहापूरचा कारागीर सांगितला होता. पाटलाचा मुलगा मारुतीराव आता गावचा कारभार बघायचा, त्यानं बोलणं करून टाकलं होतं. कारागीर मंगळवारी येणार. आधी सगळा शेंदूर खरवडून लाकूड उघडं करणार, मापं घेणार, मग पत्रा.

लाकूड उघडं करणार.

गुणी गेल्यावर मी भिंतीला टेकून बसलो. शहापूरचा माणूस, ज्याचा जन्म हत्यारांत गेला, तो तीन बोटं सपाट तोंड बघून काय म्हणेल? माझं काय व्हायचं ते होवो, माझे दिवस संपत आलेत. पण भरमू अजून जिवंत होता. ज्याची बायको आणि पोर गेली तो भरमू त्या आसाला दरवर्षी नारळ देत होता. आणि गुणी. आपल्याला देवीनं राखलं या आधारावर जी बाई तीस वर्षं ताठ चालली, तिला कळलं असतं की बापानं करवतीनं राखलं, आणि इकडं सहा गेले.

"काय झालं?" मालू अंथरुणावरून म्हणाली.

"काय न्हाई."

"तोंड बघा आरशात. काय न्हाई म्हणं." तिनं वाकळ गुडघ्यांवर ओढली. मग म्हणाली, "पटाशी घ्या आन आजच जावा. मारुतीरावाला सांगा, जुना शेंदूर मी काढून देतो, माझ्याच हातचं काम हाय. आता कुठं जिवंत गाडा ऱ्हायलाय, कोण आडवं येत न्हाई."

"पटाशी कशाला?"

"तोंड फोडाय. चार टवके मारा, शिरा उठवा. मोडलेलं लाकूड येवढं सपाट असतंय व्हय?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. ती वाकळीचा दोरा ओढत होती.

"तुला म्हाईत हुतं?"

"सुताराची बायको हाय मी. त्या दिवशी करवतीचा भुस्सा अंगणात मीच झाडला. गाड्याचं सगळं कापकाम सकाळीच झालतं. दुपारी बाभळीचा ताजा भुस्सा कुठनं आला? आन उतारावर आस मोडला तवा टोक बघितलं, पाटासारखं. कापताना कापलासा, पर मोडल्यावर म्होरं काय, ह्याचा इचार केला न्हाईसा. तुमचं नेहमीचंच हाय."

"आन ते घुमणं?"

"मग काय करू? पाटील वाकला हुता न्हवं?" ती म्हणाली. "गुणी माझी बी लेक हाय."

मला रडू आलं. सत्तरीतल्या माणसाला येतं तसं, आवाज न होता. तीस वर्षं मी तिला भोळी म्हणत होतो. तीस वर्षं दर मंगळवारी ती जाऊन माझी करवत झाकून येत होती, आणि मी दारात बसून तिची टिंगल करत होतो.

मी गेलो. मष्णूचा मुलगा आता गुरवकी करतो, त्यानं देऊळ उघडून दिलं आणि तो बाहेर विडी ओढत बसला. मी आसापुढं बसलो आणि शेंदूर खरवडायला लागलो. बाजूंना तो भाकरीच्या पापुद्र्याएवढाच होता. पण तोंडावर पटाशी लावली तर जातच राहिली. बोटभर, दोन बोटं, आणखी. सगळा शेंदूर तिनं त्या सपाट जागेवरच थापला होता. खाली लाकूड लागलं, काजळी अजून तशीच काळी होती. मी चार टवके मारले, शिरा उठवल्या, दगडानं कडा ठेचल्या. चांगलं काम झालं. शहापूरचाच काय, कुठलाही कारागीर आला तरी आता काही म्हणणार नाही.

घरी आलो. मालू जागीच होती.

"झालं?"

"झालं."

मी तिच्याजवळ बसलो. एक गोष्ट मला विचारायची होती. "देवी न्हाई हे तुला म्हाईत हुतं. मग तितं बसून तू पुटपुटायचीस काय?"

"देवी हाय का न्हाई, त्ये मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "मी नावं घ्यायची. आपली पोर ऱ्हायली आन त्येंची गेली. कुणीतरी नावं घ्याय नको व्हय? यल्लाप्पा, शामू, चंपाबाई, जयाबाई, मनू, बायाक्का."

"मनू कोण?"

"जयाबाईची पोर. बारशाआधीच गेली, तिला नाव न्हवतं. नावाबगर कशी हाक मारायची? मग मीच ठेवलं." तिनं वाकळ अंगावर ओढली. "म्होरच्या मंगळवारी तुमी जाता न्हवं? माझ्यानं आता हुत न्हाई."

पत्रा चढला. गुणीनं सगळ्या गावाला जेवू घातलं. भरमूनं नारळ फोडला. पुढच्या मंगळवारी मी वाटीत तेल घेतलं, पुडीत शेंदूर घेतला आणि माळावर गेलो. वाटेत मारुतीराव भेटला, म्हणाला, "सुतारअण्णा, तुमी? आन देवाला?" मी वाटीतलं तेल सांभाळत पुढं झालो. आत जाऊन बसलो, तांब्यावर शेंदराचं बोट टेकवलं आणि नावं घेतली. पाच नावं नुसतीच घेतली, मनूचं शेवटी ठेवलं. त्या नावाला मी दोन्ही हात जोडले. देवळात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.